राखणदाराची रायफल

बाजारामागच्या गल्लीत, कुलूपवाला आणि छत्रीवाला यांच्या मधोमध ते दुकान होतं. दारावरच्या पाटीवर अजून वडिलांचंच नाव होतं आणि त्याखाली ‘बंदूक दुरुस्ती व साफसफाई’. गिऱ्हाईक आत यायचं, काउंटरमागे चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेली पन्नाशीची बाई बघायचं आणि विचारायचं, “मिस्त्री आहेत का?”

“आहेत,” ती म्हणायची.

गिऱ्हाईक तरी मागच्या पडद्याकडे बघत उभंच. मग ती म्हणायची, “मीच. बंदूक इकडे द्या, आणि देताना नळी भिंतीकडे.”

सुरुवातीला लोक तिला मिस्त्रीण म्हणत. त्यावर वडील उखडले. “मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको. ती बिचारी जाऊन वीस वर्षं झाली. ही स्वतः मिस्त्री आहे.” शेवटी कुणीतरी दोन्ही बाजू सांभाळल्या आणि तिचं नाव बाईमिस्त्री पडलं. ते तिला आवडलं. नवऱ्याला मात्र तिच्या धंद्याची धास्तीच होती. तो टपाल कचेरीत होता. दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायचा तो उंबऱ्याबाहेर उभा राहूनच द्यायचा. तीस वर्षांच्या संसारात त्याने एकदाही उंबरा ओलांडला नव्हता. “आतल्या कुणाचा भरवसा नाही,” म्हणायचा, आणि त्यात सासरेही आले असावेत.

वडील ब्याऐंशीचे होते. डोळ्यांनी आता उजेड तेवढा कळायचा. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसून ते ऐकत राहायचे. बाईमिस्त्रीने एखाद्या बंदुकीची लिव्हर खाली ओढून वर केली की खुर्चीतून आवाज यायचा, “स्प्रिंग थकलीय.” किंवा, “कोरडी आहे, तेल पाज.” बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. चुकलं तर ते गिऱ्हाइकाच्या बंदुकीला दोष द्यायचे.

थंडी सरत आली होती तेव्हा एका सकाळी जुन्या चादरीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी घेऊन एक साठीची बाई दुकानात आली. बाईमिस्त्रीने तिला ओळखलं. ती राखणदाराची बायको. राखणदार दोन महिन्यांपूर्वी वारला होता. गावाबाहेरच्या मोठ्या फळबागेवर तो एके काळी पहाऱ्याला असायचा. पुढची तेवीस वर्षं त्याने शीतगृहात फळांची खोकी उचलली, तरी लोक त्याला राखणदारच म्हणत राहिले. म्हणताना किंचित हसत.

“या काकू, बसा.”

“बसत नाही. परवाना त्यांच्या नावावर होता, आता ही ठाण्यात जमा करायचीय. तिथला कारकून म्हणाला, मिस्त्रीकडून साफ करून घ्या, आणि मोकळी आहे, धोका नाही, असं लिहून आणा.” तिने चादर काउंटरवर ठेवली. खिडकीतल्या खुर्चीकडे तिने पाठ केली होती. “गावात दुसरं दुकान असतं तर इथे आले नसते. खोटं कशाला बोलू?”

बाईमिस्त्रीने चादर आपल्याकडे ओढून घेतली. म्हणाली, “चार दिवसांनी या.”

काकू गेली. वडिलांनी मान वर केली. “राखणदाराची बायको ना?”

“हो.”

“हं,” ते म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले.

त्या गप्प बसण्यामागची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. तेवीस वर्षांपूर्वी बागेवर दोन राखणदार होते, एकमेकांचे जिवलग. एकाच ताटात जेवणारे. रानडुकरं बागेत घुसून झाडं उकरत, म्हणून एकाकडे परवान्याची रायफल होती. एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या बेताला, कुठूनतरी जखमी होऊन आलेलं रानडुक्कर गवतातून सरळ दुसऱ्याच्या अंगावर आलं. त्याची मांडी गुडघ्यापासून वर फाडली. रायफलवाला वीस पावलांवर उभा होता आणि बार झाला नाही. डुक्कर आपणहून निघून गेलं. लोक धावले तेव्हा तो रायफल धरून थरथरत होता आणि एकच म्हणत होता, “मी चाप ओढला होता. मी ओढला होता.”

शेडमध्ये खोकी ठोकणारे दोघे शंभर पावलांवर होते. त्यांनी बार ऐकला नव्हता. खुद्द जखमी माणसानेही ऐकला नव्हता. मग बागेच्या मालकाने बंदुकीच्या मिस्त्रीला, म्हणजे वडिलांना, बोलावून घेतलं, आणि मिस्त्रीने सगळ्यांसमोर लिव्हर ओढून रायफलीतलं काडतूस काढलं. काडतूस जिवंत होतं आणि त्याच्या बुडावर घोड्याचा ठोका पडल्याची खूण नव्हती.

“याने चापच ओढलेला नाही,” मिस्त्री म्हणाला.

तेवढं एक वाक्य. मालकाने त्याच आठवड्यात राखणदाराला काढून टाकलं. जिवलग दोस्ताने त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याचा पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. त्याने शिवणकाम शिकून घेतलं. पायाने मशीन चालवता येईना म्हणून हाताच्या चाकाचं मशीन घेतलं आणि तो गावाचा शिंपी झाला.

बाईमिस्त्री तेव्हा वडिलांच्या हाताखाली काम शिकत होती. त्या संध्याकाळी ती बागेत गेली नव्हती. वडील घरी येऊन पाय धुता धुता म्हणाले होते, “माणूस घाबरतो. त्यात काय एवढं?” त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं.

काकू येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चादर सोडली. रायफल लिव्हरची होती, जुन्या घडणीची. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी वरून उडते, आणि कडी वर घेतली की पुढचं काडतूस आत सरकतं. नळीवर गंजाचे तांबूस डाग होते. दस्त्याचं लाकूड कोरडं पडून पांढुरकं झालं होतं. तिने आधी कडी ओढून आत डोकावलं, मग करंगळी घालून चाचपलं, मग काडतुसं ठेवायची खालची नळीही तपासली. सगळं रिकामं होतं. हे झाल्याशिवाय ती कुठल्याच बंदुकीला पाना लावत नसे.

कडीचा स्क्रू इतका बसला होता की त्यावर तेल सोडून तिला एक चहा प्यावा लागला. मग तो सुटला, कडी खाली आली, मागचा लोखंडी ठोकळा सरकत हातात आला आणि त्याच्यासोबत पुंगळी बाहेर फेकणारी बारकी पट्टी टपकन फडक्यावर पडली. ही पट्टी हरवली की मिस्त्रीची अब्रू जाते, म्हणून तिने ती आधी बशीत ठेवली. आता नळीतून आरपार उजेड दिसायला हवा होता. तिने नळी खिडकीकडे धरली, मागून डोळा लावला.

अंधार.

“कुंभारमाशीने घर केलेलं दिसतंय,” ती पुटपुटली. भिंतीवर टांगून ठेवलेल्या बंदुकीत माशी मातीचं घर करते, हे तिने दहादा पाहिलं होतं. तिने गजाला पितळी ब्रश लावला आणि मागून आत घातला. गज चार बोटं गेला आणि अडला. तिने जरा दाबलं. माती असती तर भुगा पडला असता. हे जे होतं ते टणक होतं.

“काय गं?” खुर्चीतून आवाज आला. “गज का थांबला?”

“काहीतरी अडकलंय बाबा. बघते.”

तिने दोन्ही टोकांनी तेल सोडलं आणि नळी दोन दिवस कोपऱ्यात उभी ठेवली. एरवी कामात काही अडलं की ती वडिलांशी बोलत बसायची. या वेळी ती बोलली नाही. तिला अंदाज आला होता, आणि अंदाज खोटा ठरावा असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी तिने नळी शिकंज्यात चामडं लावून धरली, तोंडाकडून पितळेचा गज घातला आणि लाकडी हातोडीने हलके हलके ठोकायला लागली. पंधरावीस ठोके काहीच झालं नाही. मग आवाज बदलला. मागच्या बाजूने काळपट शिशाचा एक तुकडा सरकत आला आणि फडक्यावर पडला. चपट्या तोंडाची गोळी. तिच्या अंगावर नळीतल्या आट्यांचे तिरपे चरे स्वच्छ उमटले होते. काडतुसातून ठोका खाऊन नळीत शिरल्याशिवाय गोळीवर असे चरे उमटत नाहीत.

बाईमिस्त्री स्टुलावर बसली. सगळं सरळ होतं. काडतूस सर्दावलेलं असणार. राखणदाराने चाप ओढला, घोडा पडला, बुडातली ठिणगी उडाली, पण दारू पेटली नाही. ठिणगीच्या जोरावर गोळी चार बोटं सरकली आणि नळीत रुतली. बार होण्याऐवजी फुसका आवाज झाला असेल. हाताच्या सवयीने त्याने लगेच कडी ओढली, रिकामी पुंगळी गुडघाभर गवतात उडाली, आणि तिच्या जागी दुसरं, जिवंत काडतूस येऊन बसलं. बाबांनी काढलं ते हे दुसरं. ते काडतूस खोटं बोलत नव्हतं, फक्त पहिल्याबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. नळीत कुणी डोकावलंच नाही.

आणि त्याने दुसऱ्यांदा चाप ओढला असता तर नळी फुटून त्याच्याच तोंडावर आली असती.

तिने क्षणभर विचार केला, की गोळी खिशात टाकावी, बंदूक साफ करावी, ‘मोकळी आहे’ असं लिहून द्यावं. बाबा ब्याऐंशीचे. किती दिवस उरलेत? पण मग खुर्चीकडे पाठ करून उभी राहिलेली काकू तिला आठवली. ती उठली आणि गोळी वडिलांच्या तळहातावर ठेवली.

“कशातून निघाली?” त्यांनी विचारलं.

“राखणदाराच्या रायफलीतून. नळीत होती.”

वडिलांनी अंगठ्याचं नख गोळीवरून फिरवलं. एकदा, मग उलट बाजूने. चरे मोजल्यासारखं. मग त्यांनी गोळी मुठीत धरली आणि मूठ मांडीवर ठेवली. छत्रीवाल्याकडे कुणीतरी घासाघीस करत होतं.

“मी नळीत बघितलं नव्हतं,” ते म्हणाले. “तीस माणसं भोवती, मालक डोक्यावर उभा, सगळे विचारतायत, काय झालं मिस्त्री, काय झालं. मला काडतूस मिळालं आणि मला वाटलं, उत्तर मिळालं. तू शिकत होतीस तेव्हा तुला मी काय शिकवलं?”

“आधी नळीत बघ.”

“तुला शिकवलं, आणि मी नाही बघितलं.” मग म्हणाले, “वहाणा दे माझ्या.”

“मी काकूंना इकडे बोलावते बाबा. एवढं चालवणार नाही तुम्हाला.”

“मी बागेत चालत जाऊन बोललो होतो. आता तिला माझ्याकडे चालत बोलावू? दे वहाणा. आणि आधी शिंप्याकडे.”

शिंप्याचं दुकान म्हणजे एक खण. तो कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होता, ताठ पाय स्टुलावर लांब सोडून. म्हाताऱ्याला लेकीच्या खांद्यावर हात ठेवून येताना बघून तो चकित झाला. “मिस्त्री? तुम्ही? कोट शिवायचाय की काय?”

वडिलांनी मूठ उघडली आणि जे होतं ते सांगितलं. आडवळण घेतलं नाही. बाईमिस्त्रीने मधूनमधून तपशील पुरवला. शिंपी ऐकत होता आणि हातातली सुई तशीच हवेत होती.

“फुसका आवाज झाला असेल म्हणता?” त्याने विचारलं. “कसा?”

“काटकी मोडल्यासारखा,” बाईमिस्त्री म्हणाली.

शिंप्याने सुई कोटाला टोचून ठेवली. “ऐकला होता मी तो,” तो म्हणाला. “कट् झालं होतं. मला वाटलं माझंच हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो दोनदा आला होता दवाखान्यात. म्हणाला, ‘दुसरी झाडली नाही कारण मध्ये तू होतास.’ मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.”

तो उठला, दुकानाची फळी लावली, आणि काही न विचारता त्यांच्याबरोबर चालायला लागला. एक आंधळा, एक लंगडा आणि मध्ये बाईमिस्त्री. रस्त्यात भाजीवाल्याने हाक मारून विचारलं, “कुठे निघाली वरात?” तिघं चालत राहिली.

काकू ओट्यावर शेंगा सोलत होती. तिघांना बघून ती उठली नाही. बाईमिस्त्रीला वाटलं होतं बाबा सांगतील, पण इथे त्यांनी तिचा खांदा दाबला, तेव्हा तिनेच सांगितलं. सावकाश, नवीन माणसाला काम शिकवावं तसं, काय अडलं, कसं निघालं, चरे कशाचे. काकूच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली.

“म्हणजे ओढला होता,” ती म्हणाली.

“ओढला होता काकू.”

“शेवटच्या वर्षी ते मला विचारायचे. जेवता जेवता मध्येच. ‘मी ओढला होता ना गं?’ त्यांचाच विश्वास राहिला नव्हता. मी म्हणायचे, ‘हो हो, ओढला होता, जेवा.’” तिने शेंग परातीत टाकली. “पण मला तसं वाटत नव्हतं. लोकांचं सोडा. मीच नव्हतं मानलं. मिस्त्रीने सांगितलंय म्हटल्यावर मी मनातून मिस्त्रीचंच मानलं. आणि त्यांना ते कळत होतं. बायकोचं ‘हो’ कसलं आहे ते नवऱ्याला कळतं.”

वडिलांनी हात जोडले. अंदाजाने जोडले, त्यामुळे ते तिच्या थोडे डावीकडे गेले. “चूक माझी आहे. मी...”

“थांबा मिस्त्री,” काकू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माफी मागू नका. मागितलीत तर मला द्यावी लागेल. आणि आज मला ती द्यायची नाहीये.”

वडिलांनी हात खाली घेतले. “बरोबर आहे,” ते म्हणाले.

शिंपी ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. त्याने परात ओढून घेतली आणि शेंगा सोलायला लागला. काकूने त्याला अडवलं नाही. बाईमिस्त्रीने बाबांना हाताला धरून घराकडे वळवलं, आणि मागे वळून बघितलं तेव्हा ती दोघं परातीच्या दोन बाजूंना बसून शेंगा सोलत होती.

मग तिने रायफलीचं काम मनापासून केलं. नळीतून ओल्या चिंध्या आणि कोरड्या चिंध्या आलटून पालटून काढल्या, जोवर शेवटची चिंधी पांढरी निघाली नाही. गंजाचे डाग तेल आणि बारीक तारेच्या घासणीने उतरवले, घासताना मूळचा काळा रंग जाऊ न देता. ठोकळ्याला तेलाचा नुसता हात लावला, कारण जास्त तेल धूळ धरतं. दस्त्याला तीन दिवस जवसाचं तेल पाजलं. सगळं जोडून कडी ओढली तेव्हा खुर्चीतून वडील म्हणाले, “छान वाजतेय,” आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

लिहून द्यायच्या कागदावर ‘मोकळी आहे’ एवढंच पुरलं असतं. वडिलांनी पूर्ण लिहायला लावलं: नळीत झाडलेली गोळी अडकलेली सापडली, ती फार जुनी आहे, काढून टाकली. खाली त्यांनी स्वतः सही केली. ती ओळीवरून घसरून कागदाच्या कडेला गेली. ठाण्यातला कारकून म्हणे कुरकुरला, एवढं रामायण कशाला. काकूने त्याला सांगितलं, “लिहिलंय तसंच चिकटवा.” रायफल जमा झाली, गोळी काकूने घरी नेली. तिचं पुढे काय केलं ते कुणाला माहीत नाही.

गावभर बातमी करायचं काम शिंप्याने अंगावर घेतलं. दुकानात जो येईल त्याला माप घेता घेता तो सगळं सांगायचा. गिऱ्हाईक दोन्ही हात वर करून उभं, छातीभोवती टेप, पळून जाणार कुठे? वर्षभरात गावातल्या प्रत्येक अंगरख्याबरोबर ती हकिगत घरोघरी गेली. बागेचा मालक म्हातारा झाला होता. त्याने ऐकून घेतलं आणि पँटची लांबी अर्धा इंच वाढवायला सांगितली. सगळ्यांकडून सगळं मिळत नाही. पण शीतगृहातल्या हमालांनी आपल्या खोलीत राखणदाराचा फोटो लावला, आणि त्याच्याबद्दल बोलताना हसण्याची सवय लोकांची हळूहळू मोडली.

बाबा त्यानंतर जरा खचले. लिव्हरचा आवाज ऐकून बोलायचं त्यांनी सोडून दिलं. बाईमिस्त्री मुद्दाम विचारायची, “स्प्रिंग कशी वाटतेय?” ते म्हणायचे, “तूच बघ. डोळे तुला आहेत.”

असे सात-आठ महिने गेले. मग एका दुपारी काकू दुकानात आली. या वेळी ती सरळ खिडकीपाशी गेली आणि खुर्चीसमोर उभी राहिली. तिच्या हातात स्वयंपाकघरातली सांडशी होती.

“मिस्त्री, हिचा खिळा ढिला झालाय. पातेलं धरलं की सुटतं. काल दूध सांडलं.”

वडिलांनी आवाज ओळखला. ते खुर्चीत सावरून बसले. “इथे बंदुका दुरुस्त होतात,” ते जरा गोंधळून म्हणाले.

“मग नेऊ परत?”

“नाही, नाही. द्या इकडे.”

त्यांनी सांडशी हातात घेतली, उघडझाप केली, कानाशी नेऊन पुन्हा केली, बोटाने खिळा चाचपला. बाईमिस्त्रीने छोटी ऐरण आणि हातोडी त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. मदतीला पुढे केलेला हात तिने मागे घेतला. पहिला ठोका ऐरणीवरच पडला. दुसरा अंगठ्यावर. त्यांनी अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा हातोडी उचलली.

“वेळ लागेल थोडा,” ते म्हणाले.

काकूने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. “लागू दे,” ती म्हणाली. “स्वयंपाक करूनच आलेय मी.”